पापलेटऐवजी याट

नवीन पनवेल,
मंगळवार, जेवणं झाल्यावर

प्रिय इलानाताई आणि यायर भावोजी,

दोघांना सप्रेम शालोम. इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे सॅली ठीक आहे, आणि मी तिच्या म्हणण्याप्रमाणे हाताबाहेर गेलो आहे. ताई, तुझे गुडघे कसे आहेत? अश्दोदच्या डॉक्टरणीनं सांगितलेले व्यायाम स्वतः करतेस, की फोनवरून नातेवाइकांना शिकवण्यापुरतेच ठेवले आहेस? भावोजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. (खिरीच्या सणाला त्यांनी किती वाट्या खीर खाल्ली ते मला कळलेलं आहे. कुणाकडून ते सांगणार नाही. तुझ्या सुनेचा स्वभाव चांगला आहे, एवढंच लिहितो.) तू पाठवलेले खजूर मिळाले. त्यातले निम्मे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी अविनाशराव घेऊन गेले, कारण पार्सल त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते सुरक्षिततेसाठी उघडून पाहिलं.

एवढं लांबलचक पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो ताई" म्हणतो, ही आपली पद्धत मी पाळण्यात असल्यापासून चालू आहे. कागदावर मला मधे कुणी अडवत नाही. शिवाय सॅलीनं तुला फोनवर तिची बाजू सांगून टाकलेली असणार, की डेव्हिडनं होडी घेतली. तर पहिली गोष्ट, ती होडी नाही, याट आहे. आणि दुसरी गोष्ट, 'घेतली' म्हणजे नक्की काय, हे माझं मलाच अजून उमगलेलं नाही.

तुला ठाऊकच आहे, मी उभी नोकरी सागरी विम्याच्या कचेरीत काढली. बुडालेली गलबतं, भिजलेली साखर, खडकावर चढलेल्या बोटी यांच्या फायली मी तळपायापासून केसापर्यंत वाचल्या. बोट कशी बुडते याचे मला इतके प्रकार पाठ आहेत, की लग्नकार्यात लोक माझ्या शेजारी बसायचं टाळतात. पण बोट तरंगते कशी, याच्याशी माझा कधी संबंध आला नाही. आपल्या घराण्यातही तो रिवाज नाही. नवगावला आपल्या पूर्वजांची बोट फुटली आणि ते किनाऱ्याला लागले, असं आजोबा सांगायचे. तेवढ्या एका अनुभवावर आपण शहाणे झालो. पुढे आपल्या लोकांनी तेल गाळलं, शाळा शिकवल्या, रेल्वेत लागले. पाण्याच्या वाटेला मात्र फारसं कुणी गेलं नाही. तुम्ही इस्राएलला गेलात तेसुद्धा विमानानं.

तर झालं असं. सॅलीला शुक्रवारसाठी ताजे पापलेट हवे होते. इथल्या बाजारातल्या पापलेटांचे डोळे बघून तिला तिचे जुने हेडमास्तर आठवतात म्हणे. अविनाशराव गाडी घेऊन करंजाला चालले होते, त्यांच्यासोबत तिनं मला पिशवी देऊन बसवून दिलं. करंजाच्या बंदरात लिलाव कसा चालतो ते तू पाहिलेलं नाहीस. चारी बाजूंनी आरडाओरडा, पायाखाली पाणी, डोक्यावर कावळे आणि घारी, आणि कोण कुणाला काय विकतंय ते शेवटपर्यंत समजत नाही. अविनाशराव गर्दीत हरवले. ते मला पलीकडे दिसले म्हणून मी हात वर करून त्यांना बोलावलं. तेवढ्यात माझ्यासमोर एक टोपली आदळली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कोळंबी विकत घेतली होती. टोपलीभर. ताई, कोळंबी! आपल्या घरात जिचं नाव जेवताना काढलं तर बाबा ताटावरून उठायचे, ती.

मी टोपलीपाशी उभा राहून मोशेचा कायदा आठवत होतो, तेव्हा एक कोळीण कमरेवर हात ठेवून मला न्याहाळत होती. पिकलेले केस, त्यात अबोलीची वेणी, आणि आवाज असा की लिलाववालासुद्धा मधे थांबावा. या ठमाबाई. त्यांनी विचारलं, "अवो, काय झाला? मयत झाल्यासारखे उभे काय रायले?" मी खरं ते सांगितलं, की आमच्या धर्मात कोळंबी चालत नाही. "मंग घेतली कशाला?" मी म्हटलं, मी मित्राला हाक मारत होतो. ठमाबाई इतक्या हसल्या की त्यांना टोपलीच्या काठावर बसावं लागलं. मग त्यांनी कोळंबी ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात पापलेट देते म्हणून मला घरी नेलं. पापलेट घरी बर्फात होते. आणि घराच्या मागे, खाडीला लागून असलेल्या अंगणात, ती होती.

आता इथे माझी भाषा कमी पडते. सागाचं अंग, तेल पिऊन पिऊन मधाच्या रंगाचं झालेलं. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, अशी उंच काढलेली, की बाई मान उंचावून कुणाची वाट बघते आहे असं वाटावं. डोलकाठी आडवी करून बाजूला ठेवलेली. खालपासून वरपर्यंत एक सरळ रेघ नाही, आणि एक चुकलेली रेघ नाही. केबिनच्या खिडकीतून एक कोंबडी बाहेर बघत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि उभाच राहिलो. फायलींत मी अशा शेकडो बोटींचे नुसते आकडे वाचले होते, ताई. त्या अशा दिसत असतील हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"होडी सुंदर आहे," मी म्हटलं. "होडी नाय ती, याट हाय," असा आवाज बोटीच्या खालून आला, आणि पाठोपाठ दादू बाहेर आले. हे ठमाबाईंचे यजमान, आणि त्या बोटीचे कर्ते. वय माझ्याहून थोडं जास्त, मिशी माझ्याहून पुष्कळ जास्त, आणि स्वतःच्या कामाबद्दल बोलताना विनय वगैरेचा अजिबात त्रास नाही. त्यांच्या मते मुंबईपासून मुरुडपर्यंत याट बांधणारा माणूस एकच झाला आणि त्याच्या बापानंसुद्धा हे त्याच्यापाशी कबूल केलं होतं. ही याट त्यांनी मुंबईच्या कृष्णकांत नावाच्या एका सॉलिसिटरसाठी नुसत्या चित्रावरून बांधली. सॉलिसिटरसाहेबांनी काही वर्षं ती चालवली, मग त्यांना फायबरची बोट आवडली. ही त्यांनी डागडुजीला म्हणून आणून दिली ती परत नेलीच नाही. विका म्हणाले आणि विसरले. त्यांनी तिला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. दादूंनी ते खरवडून तिथे 'रंभा' लिहिलं. रंभा ही त्यांची आई. (ठमाबाई तिला रंभा म्हणत नाहीत, याटही म्हणत नाहीत. खुराडं म्हणतात. त्यांची मासळी वाळवायची जागा तिनं अडवली आहे आणि त्यांच्या कोंबड्या तिच्यातून उठत नाहीत.)

मी विचारून बसलो, की ही विकायची आहे का? ठमाबाई "हाय" म्हणाल्या आणि दादू "नाय" म्हणाले, दोघं एकाच दमात. इथून पुढे माझे हाल सुरू झाले. दादूंनी माझी चौकशी आरंभली. काय करता? पेन्शनीत आहे. पवता येतं का? नाही. वारा कुठून येतो तो कळतो का? पंखा लावल्यावर. ठेवणार कुठं? पनवेलला. पनवेलला समुद्र कुठं? मी कोंबडीकडे बघितलं. घरात कोण कोण? मी आणि बायको. इथंच राहणार का पुढं? आता मला खोटं बोलता आलं असतं, पण मी सरळ सांगून टाकलं. माझी थोरली बहीण इस्राएलला असते, तिनं तिच्याच मजल्यावर आमच्यासाठी घर बघून ठेवलंय, वसंतात तिकडे कायमचं जायचं घाटतंय. दादूंनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, "मंग याट कशाला घेताय?"

ताई, मी पापलेट घेऊन घरी आलो.

पण मग मी परत गेलो. आणि परत. दर वेळी दादू काहीतरी नवं दाखवायचे. सांध्यातला कापूस बदलायचाय, सुकाणू जरा घासायचंय, शिडाला उन्हात ठेवायचंय. अजून आठ दिस. मग अजून आठ दिस. मी हळूच ठमाबाईंना विचारलं, की एवढं काम खरंच उरलं आहे का? त्या म्हणाल्या, "काय नाय उरला. त्याला ती द्यायची नाय. तुमी येत राव्हा, मी हाय." मग चहा यायचा, दादू मला लाकूड हातानं कसं ओळखायचं ते सांगायचे, मी त्यांना बोटी बुडण्याचे प्रकार सांगायचो, आणि दोघंही एकमेकांच्या ज्ञानावर विश्वास न ठेवता संध्याकाळपर्यंत बसायचो. फार सुखाचे दिवस होते.

घरी मी अविनाशरावांना बरोबर घेऊन मासळी आणायला जातो असं सांगत होतो. पण अविनाशरावांच्या पोटात काही राहत नाही (खजूर सोडून). त्यांनी जिन्यात सॅलीला गाठून, आवाज खाली आणून, डेव्हिड करंजाला कुणा रंभाला भेटायला जातो असं कळवलं. त्यांची अपेक्षा होती की आता रडारड होईल. सॅलीनं मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "रंभा म्हणजे गाडी आहे की घोडी?" मी चकित झालो. म्हणालो, तुला शंका आली नाही? ती म्हणाली, "डेव्हिड, कुठल्या बाईनं तुला या वयात दुसऱ्यांदा बघितलं असतं, तर तू शर्ट तरी बदलला असतास." बत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईशी संसार म्हणजे काय, ते तुला भावोजींसारखा साधा माणूस मिळाल्यानं कळायचं नाही.

मग सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही, पण आढेवेढे न घेता तिनं प्रश्न मांडला, की ठेवणार कुठे? मला वाटलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपली जागा रिकामीच आहे. सभेत विषय निघाला. सभासदांनी बोट ही दुचाकी की चारचाकी यावर फार सखोल चर्चा केली. तिला चाकंच नाहीत, हा माझा मुद्दा माझ्यावरच उलटला, कारण नियमांत बिनचाकी वाहनाची तरतूद नाही. अविनाशरावांनी डासांचा मुद्दा काढला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की पूर आला तर सगळ्यांना घेणार का, आणि क्षणभर सभा माझ्या बाजूनं झुकली होती. पण शेवटी ठराव नामंजूर झाला.

एवढं झाल्यावर मीच विषय सोडला असता. पण ठमाबाईंचा फोन आला. दादू तयार झाले होते. (कसे, ते त्यांनी सांगितलं नाही. घरात तीन दिवस फक्त वरणभात शिजला होता एवढं नंतर कळलं.) रविवारी पहाटेच्या भरतीला रंभा पाण्यात उतरवायची, मला एकदा फिरवायचं, आणि मी बुडालो नाही तर व्यवहार करायचा. सॅली म्हणाली, मीही येणार. विधवा व्हायचंच असेल तर समोर बसून होईन. तिनं नवसासारखा मलिदा केला, पोहे, नारळ, गूळ, वेलची, वर फळं. ठमाबाईंनी नाळेवर नारळ फोडला, सॅलीनं नवसाला म्हणतो ते एलियाहू हन्नबीचं गाणं म्हटलं, कोंबड्यांना हाकलून बाहेर काढलं, आणि बंदरातल्या पोरांनी ढकलल्यावर रंभा अशी पाण्यात शिरली की जणू फक्त मधे जरा डोळा लागला होता.

शीड चढलं. वारा भरला. आवाज नाही, धूर नाही, आणि किनारा आपोआप मागे जातोय. सॅलीनं माझा हात धरला. (आमच्या लग्नातसुद्धा तिनं तो धरला नव्हता, मी धरला होता.) दादू सुकाणूपाशी उभे राहून सांगत होते, की या खाडीत ते डोळे मिटून जातील. चॅनेल कुठे, खडक कुठे, चिखल कुठे, सगळं पायाच्या तळव्याला ठाऊक. हे वाक्य पुरं व्हायच्या आत रंभा थांबली. धक्का नाही, काही नाही. बसली. म्हशीसारखी.

मागच्या वर्षीपासून पलीकडे भरावाचं काम चालू आहे, त्यानं गाळ सरकला आणि जिथे पाणी होतं तिथे चिखल झाला. दादू वर्षभर पाण्यात उतरलेच नव्हते. ओहोटी लागली होती. बघता बघता पाणी निघून गेलं, रंभा एका कुशीवर कलंडली, आणि आम्ही तिघं तिरपे होऊन चिखलाच्या मैदानात, कांदळाच्या झाडांकडे तोंड करून बसलो. लांबून जाणाऱ्या होड्यांतून लोक ओरडत होते, "दादूमामा, काय पेरलंय?" धक्क्यावरून ठमाबाईंचा फोन आला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण दादूंनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता.

मग दादूंची ती मिशी, तो आवाज, सगळं खाली बसलं. तो माणूस लहान दिसायला लागला. सॅलीनं डबा उघडला, मलिद्याची मूठ त्यांच्या हातावर ठेवली आणि शाळेत एखाद्या नापास मुलाशी बोलावं तशी हळू विचारती झाली, "दादू, तुम्हाला ही द्यायचीच नाही ना?" त्यांनी आधी खाल्लं. मग म्हणाले, "बाय, आता लाकडाची कोन सांगत नाय. समद्यांना फायबर पायजे. ही माजी शेवटची. ही गेली का अंगण मोकळा. सकाळी उठून मोकळ्या अंगणात मी करू काय?" आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि ह्ये तं परदेशी चालले. हिला सोडून जातील, त्या साहेबासारखेच."

सॅली माझ्याकडे वळली. "खरं?" मी म्हटलं, ते मला पहिल्या दिवसापासून विचारतात, याट कशाला घेताय. "मग तू काय सांगितलंस?" मी म्हटलं, पापलेट घेऊन घरी आलो. एक बगळा आमच्या सुकाणूवर येऊन बसला. मग ती उठली, म्हणजे तिरपी उभी राहिली, बगळ्याला उडवलं आणि दादूंना म्हणाली, "हे धरायचं कसं, ते मला शिकवा. पाणी येईपर्यंत काहीतरी करायला हवं ना." आणि ताई, त्या चिखलात रुतलेल्या बोटीवर दादूंनी तिला वारा, शीड, सुकाणू सगळं शिकवलं. "डावीकडं! आता उजवीकडं!" बोट जागची हलत नव्हती, तरी दोघं घामाघूम. मी केबिनमध्ये डब्याकडे लक्ष द्यायला थांबलो. दुपार कलल्यावर भरती आली, रंभा सरळ झाली, आणि आम्ही तिला परत धक्क्यावर आणली. ठमाबाईंनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून बोलून घेतलं आणि मग चहा दिला.

तर व्यवहार असा ठरला. रंभा आता आमची. पण राहणार दादूंच्याच अंगणात, कारण पनवेलला समुद्र नाही आणि सोसायटीत नियम नाही. दर रविवारी आम्ही जायचं. डागडुजी दादूंनीच करायची, आणि ती कधीही पुरी झाली असं म्हणायचं नाही. दादू आनंदात आहेत. ठमाबाईंचं म्हणणं एवढंच, की "इकली तं इकली, पन गेली कुठं?" त्यांचं मासळी वाळवायचं वलण अजून अडलेलंच आहे. त्यांची समजूत काढायला दादूंनी कोंबड्यांसाठी वेगळं खुराडं करायला घेतलं. परवा पाहून आलो. सागाचं आहे. पुढे नाळ काढली आहे. अजून आठ दिवस लागतील म्हणतात.

घरच्या लहानांना माझे गोड पापे, मोठ्यांना आदर, आणि तुझ्या गुडघ्यांना सबुरी.

तुझा धाकटा भाऊ,
डेव्हिड

ता. क. तुझ्या मजल्यावरचं ते घर सोडून दे. आम्ही येऊ ते महिनाभर पाहुणे म्हणून, परतीची तिकिटं काढून. शनिवारी सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही, आणि दहावा माणूस येईपर्यंत आम्ही नऊ जण दाराकडे बघत बसतो. मी गेलो तर आठ जण बघत बसतील. पण हे सांगायला सुचलेलं कारण आहे. खरं म्हणजे मला जायचं नाही. रागावू नकोस. जानेवारीत तुम्ही दोघं इकडे या.

ता. क. २. भावोजींना पत्र वाचून दाखवताना खिरीचा भाग गाळ.

ता. क. (सॅलीकडून) इलानाताई, नमस्ते. डेव्हिडनं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. 'आम्ही तिला धक्क्यावर आणली' असं त्यानं लिहिलंय. आणली मी. हा केबिनमध्ये डोळे मिटून मलिद्याचा रिकामा डबा तोंडापाशी धरून बसला होता. बोट चिखलात उभी असल्यापासून. आजवर तो तीनदा रंभावर चढलाय आणि तीनदा डबा लागलाय.

तो पनवेल सोडणार नाही हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे. कामोठ्याला राहायला जाऊ म्हटलं, तरी त्याला आठवडाभर झोप नव्हती. याट मिळाली नसती तर त्यानं हत्ती घेतला असता. तुमची चूक एवढीच, की तुम्ही इतकी वर्षं दर वेळी त्यालाच विचारलंत. मला एकदा विचारलं असतंत, तर मी मागच्याच वर्षी बॅगा भरून आले असते, आणि तो कुरकुरत मागून आला असता. आता उशीर झाला. दादू म्हणतात, माझा हात बरा आहे आणि थंडीत वारा खरा चालतो.

तुमच्या बंदरावर शिडाच्या बोटींच्या सामानाचं दुकान असेलच. माझ्या मापाचे हातमोजे पाठवा, दोरानं तळवे सोलून निघतात. त्याच्यासाठी काही नको. डबे घरात पुष्कळ आहेत.